तद्विद्यसंभाषा इंटरनेटवरून : डेल्फी पद्धतीचा परिचय आणि काही अनुभव

रहाटणी-काळेवाडी परिसरात चिकित्साव्यवसाय करणाऱ्या वैद्याकडे पाळीत काम करणारे रुग्ण बरेच येतात. भोसरी-चाकणच्या कारखान्यांच्या बसगाड्या त्यांना अवेळी रस्त्याच्या कडेला उतरवून जातात. अनेकांची पाळी दर आठवड्याला बदलते. अम्लपित्त, मलावष्टंभ आणि निद्रानाश ही त्यांची नेहमीची गाऱ्हाणी. अशाच एका रुग्णाने त्रिफळा चूर्णाची डबी टेबलावर ठेवून मला विचारले, "डॉक्टर, यावर 'रात्री झोपताना घ्यावे' असे लिहिले आहे. मी तर सकाळी आठ वाजता झोपतो. मग हे घ्यायचे केव्हा?" औषधालयात त्याला "झोपताना म्हणजे सकाळी आठलाच" असे सांगितले होते. एका व्यवसायबंधूंनी "कामावर जाण्यापूर्वी रात्रीच" असे सांगितले होते. मी त्या दिवशी जे उत्तर दिले, त्याबद्दल माझी स्वतःची पूर्ण खात्री नव्हती.

औषधसेवनकालाचा विचार आपल्या शास्त्रात पुष्कळ सूक्ष्म आहे. रात्रिजागरणाविषयीही वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात स्पष्ट मार्गदर्शन केले आहे : जागरणाची सवय नसलेल्याने जेवढा काळ जागरण झाले असेल त्याच्या निम्मा काळ, सकाळी, काही न खाता झोपावे. तथापि दर सात दिवसांनी ज्याची रात्र सरकते, त्याला जागरण सात्म्य म्हणावे की असात्म्य? पित्ताचा काल घड्याळावरून मोजावा की त्या व्यक्तीच्या निद्रेवरून? हा विषय किरकोळ नाही. शरीराची दिनरात्रीची लय बिघडवणारे पाळीचे काम 'बहुधा कर्करोगकारक' या गटात येते, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये काढला आणि रात्रपाळीच्या संदर्भात तो २०१९ मध्ये कायम ठेवला. ग्रंथात अनुक्त राहिलेल्या अशा ठिकाणी वैद्याने युक्तीचा अवलंब करावा हे खरेच. पण एकाच गल्लीतील तीन वैद्यांच्या तीन युक्ती असतील तर रुग्णाने कोणाचे ऐकावे?

एकाच रुग्णाविषयी आपल्यात किती मतभिन्नता असू शकते याचे मोजमापही झालेले आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पंधरा नोंदणीकृत वैद्यांनी वीस निरोगी व्यक्तींची नाडी, जिव्हा आणि प्रकृती स्वतंत्रपणे तपासली, आणि त्यांच्या निष्कर्षांत एकवाक्यता कमी आढळली. या निष्कर्षाचा राग येणे स्वाभाविक आहे. मलाही आला होता.

मतभिन्नता कशी हाताळावी हा प्रश्न चरकसंहितेला नवीन नव्हता. सूत्रस्थानाच्या सव्विसाव्या अध्यायात चैत्ररथ वनात जमलेले ऋषी रसांची संख्या किती याची चर्चा करतात. भद्रकाप्य म्हणतात एक, शाकुंतेय म्हणतात दोन, मौद्गल्य तीन, कौशिक चार, भरद्वाज पाच, वार्योविद सहा, निमी सात, धामार्गव आठ आणि बाह्लीक देशीचे कांकायन म्हणतात असंख्य. प्रत्येकाचे मत कारणासह नोंदवले आहे. शेवटी भगवान पुनर्वसू आत्रेय सहा हा निर्णय देतात आणि इतरांच्या मतांचा परामर्श घेतात. त्याच्या आधीच्या अध्यायात तर आपापल्या पक्षाला चिकटून वाद घालणारे घाण्याला जुंपल्याप्रमाणे फिरत राहतात, कुठेही पोहोचत नाहीत, असे ते स्पष्ट बजावतात.

पुढे विमानस्थानात संभाषेचे संधाय आणि विगृह्य असे दोन प्रकार सांगितले आहेत. मित्रभावाने, ज्ञानवृद्धीसाठी केलेली ती संधायसंभाषा आणि जिंकण्यासाठी केलेली विगृह्यसंभाषा. या दुसऱ्या प्रकारात ज्याचा ग्रंथाभ्यास कमी आहे त्याला लांबलचक सूत्रपाठाने दडपून टाकावे, अशा युक्त्याही आचार्य निःसंकोचपणे सांगतात. आपल्या परिसंवादांत बसलेल्या कोणालाही ही युक्ती ओळखीची वाटेल.

नेमका हाच दोष टाळण्यासाठी पाश्चात्त्य जगात एक पद्धती निर्माण झाली, तिला डेल्फी पद्धती म्हणतात. भविष्यकथनासाठी प्रसिद्ध असलेल्या प्राचीन ग्रीक देवस्थानावरून तिला हे नाव पडले. अमेरिकेतील रँड कॉर्पोरेशन या संस्थेत १९५० च्या दशकाच्या आरंभी ती प्रथम वापरली गेली. विषय युद्धाशी संबंधित व गोपनीय असल्याने नॉर्मन डाल्की व ओलाफ हेल्मर यांचा निबंध १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. सात तज्ज्ञांना साधारण आठवड्याच्या अंतराने पाच प्रश्नावल्या दिल्या गेल्या. त्यांना एका संख्येचा अंदाज करावयाचा होता. पहिल्या वेळी उत्तरे पन्नासपासून पाच हजारांपर्यंत पसरली होती, शेवटच्या फेरीपर्यंत ती बरीच जवळ आली. ते सात जण एकत्र कधीच बसले नाहीत. कोणी काय म्हटले हे त्यांना कळले नाही. कळली ती केवळ कारणे आणि माहिती.

पद्धतीचे सार चार गोष्टींत आहे. उत्तर देणाऱ्याचे नाव इतरांना कळत नाही. प्रश्न एकापेक्षा अधिक फेऱ्यांत विचारले जातात. प्रत्येक फेरीनंतर सर्वांच्या उत्तरांचा गोषवारा प्रत्येकाला परत मिळतो. आणि गटाचे मत हात वर करून नव्हे, तर मध्यांक व विस्तार अशा मोजमापांनी ठरते. पूर्वी हे टपालाने चाले व महिनोन्महिने लागत. मरे टुरॉफ यांनी १९७० च्या सुमारास ते संगणकावर आणले. आज ई-मेल व ऑनलाइन अर्ज यांच्या साहाय्याने नांदेडचे प्राध्यापक, गोव्यातील पंचकर्मतज्ज्ञ आणि रहाटणीतील औषधालयाचे मालक एकाच पाहणीत खर्चावाचून सहभागी होऊ शकतात. लिव्हरपूल येथे २०१० मध्ये सुरू झालेल्या कॉमेट उपक्रमाने तर याच कामासाठी स्वतंत्र संगणकप्रणाली तयार केली आहे. फेऱ्याच नसलेला, उत्तर देताच गटाचे मत दाखवणारा प्रकारही २००६ पासून प्रचारात आला. मला तो आपल्यासाठी फारसा रुचत नाही. दोन फेऱ्यांमधल्या पंधरा दिवसांत वैद्य पुन्हा ग्रंथ उघडून पाहतो, आणि ते सर्वांत मोलाचे असते.

आता एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका ऑनलाइन पाहणीचे निमंत्रण मला मिळाले. विषय शोधनपूर्व स्नेहपानाचा होता. पहिल्या दिवसाची मात्रा सर्वांना ठरावीक द्यावी, या विधानाला एक ते नऊपैकी गुण द्यावयाचे होते. मी तीन गुण दिले. कारण लिहिले की कारखान्यात उभ्याने काम करणाऱ्या रुग्णाचा अग्नी आधी ह्रसीयसी मात्रेने पारखावा, मग मात्रा ठरवावी. दुसऱ्या फेरीची सूचना पाठवताना आयोजकांकडून सर्वांचे ई-मेल पत्ते उघड्या रकान्यात टाकले गेले. एका अत्यंत आदरणीय गुरुजींनी त्याच पत्राला सर्वांना पोहोचेल असे उत्तर दिले : ठरावीक मात्राच योग्य, गेली चाळीस वर्षे आम्ही तेच करतो. त्यांनी कोणताही आक्रमक शब्द वापरला नव्हता. त्यांची चूकही नव्हती. दुसऱ्या फेरीत मी त्याच विधानाला सात गुण दिले.

अर्ज पाठवून झाल्यावर मी स्वतःलाच विचारले की या दहा दिवसांत कोणते नवीन कारण माझ्यासमोर आले? एकही नाही. फक्त नाव समोर आले होते. इतर किती जणांचे असे झाले हे मला कळण्याचा मार्ग नाही; परंतु त्या विधानावर एकमत झाल्याचे पुढे कळवण्यात आले, आणि त्या एकमतात माझा एक खोटा आकडा आहे. अजूनही माझ्या रुग्णांना मी प्रथम ह्रसीयसी मात्राच देतो.

त्यामुळे अशी पाहणी करू इच्छिणाऱ्यांना सांगावेसे वाटते की निनावीपणा हा शिष्टाचाराचा भाग नसून पद्धतीचा प्राण आहे. प्रत्येकाला स्वतंत्र दुवा पाठवावा. आयोजकाला नावे ठाऊक असणे अपरिहार्य आहे, स्मरणपत्रे पाठवावी लागतात. पण सहभागींना ती कळता कामा नयेत. दुसरे म्हणजे एकमत कशाला म्हणायचे हे पहिली फेरी सुरू होण्यापूर्वीच लिहून ठेवावे. डेल्फी पाहण्यांचा २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक आढावा शंभर अभ्यासांवर आधारलेला होता. टक्केवारीने एकमत ठरवणाऱ्या अभ्यासांत ७५ टक्के ही मर्यादा मध्यवर्ती आढळली, पण अनेकांनी ती आधी सांगितलेलीच नव्हती. उत्तरे हाती आल्यावर रेघ ओढली तर ती हवी तिथे ओढता येते.

पहिल्या फेरीत बंदिस्त पर्याय देऊ नयेत. खुला प्रश्न विचारावा आणि मिळालेल्या उत्तरांतून, शक्यतो उत्तरदात्याच्याच शब्दांत, विधाने तयार करावीत. दुसऱ्या फेरीत त्यांना एक ते नऊ गुण मागावेत. एक ते तीन असहमती, सात ते नऊ सहमती, मधले अनिश्चित. तिसऱ्या फेरीत प्रत्येकाला त्याचे आधीचे गुण, गटाचा मध्यांक आणि दोन्ही टोकांच्या मतांची कारणे शेजारी शेजारी दाखवावीत. बहुतेक पाहण्या इथेच फसतात. आकडे परत पाठवले जातात, कारणे पाठवली जात नाहीत. मग मागे राहिलेला सहभागी गटाकडे सरकतो तो पटले म्हणून नव्हे, एकटे पडू नये म्हणून. फेरीगणिक गळती होतेच. दवाखान्याची वेळ सांभाळून पन्नास विधाने वाचणे कोणाला जमणार? वीस पुरेत.

तज्ज्ञ कोणाला म्हणावे हा नाजूक प्रश्न आहे. प्राध्यापक हवेतच, पण रात्रपाळीच्या रुग्णाविषयी वीस वर्षे औद्योगिक पट्ट्यात बसलेल्या साध्या बी.ए.एम.एस. वैद्याचा अधिकार मी कमी मानत नाही. औषधालयाचे मालकही हवेत. वेष्टनावरचा मजकूर रुग्णाला अखेर तेच समजावून सांगतात. वैद्याची भेट त्यानंतर पंधरा दिवसांनी होते.

प्रत्येक प्रश्न मात्र या पद्धतीचा नसतो. एक उदाहरण औषधालयवाल्यांच्या नित्य परिचयाचे आहे. शार्ङ्गधराने चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांनी क्षीण होते असे म्हटले आहे, वेष्टनावरची मुदत त्याहून कितीतरी जास्त असते. पावसाळ्यात फोडलेले पाकीट किती दिवस चालेल, यावर तीस वैद्यांचे मत घेण्यात अर्थ नाही. चूर्णातील ओलावा व बुरशी प्रयोगशाळेत मोजता येते. जे मोजता येते त्यावर मतदान करणे म्हणजे काट्यावर तोलता येणाऱ्या वस्तूचे वजन अंदाजाने सांगण्यासारखे आहे. उलट फोडलेल्या पाकिटाविषयी रुग्णाला कोणत्या शब्दांत सांगावे, हा प्रश्न अवश्य विचारावा.

राष्ट्रीय पातळीवर एकवाक्यतेचे मोठे काम झाले आहे. २०१७ चे नमस्ते पोर्टल आणि जानेवारी २०२४ मध्ये नवी दिल्लीत जाहीर झालेला आयसीडी-११ मधील पारंपरिक वैद्यकाचा दुसरा विभाग यांमुळे आपल्या रोगनामांना संकेतांक मिळाले. व्याधीचे नाव एक झाले तरी रहाटणीतल्या त्या कामगाराने त्रिफळा केव्हा घ्यावे हे संकेतांक सांगत नाही. ते काम स्थानिक पातळीवर, आपल्यासारख्या संघटनेनेच करावयाचे आहे.

चरकाच्या त्या सभेतील एक गोष्ट मला वारंवार आठवते. कांकायनांचे मत स्वीकारले गेले नाही, तरी ते खोडले गेले नाही. आजही आपण ते वाचतो. आपल्या पाहणीच्या अहवालात एकमत न झालेली विधाने आणि अल्पमताची कारणे तशीच छापावीत. नावे नकोत, कारणे हवीत.

पहिल्या फेरीचा प्रश्न मी तयार केला आहे : 'आठवड्यागणिक पाळी बदलणाऱ्या रुग्णाला आपण निद्रा, आहार व औषध यांचे काल कसे सांगता, आणि का?' उत्तरासाठी तीन आठवडे ठेवले आहेत. वैद्य व औषधालयचालक अशा दोघांचीही नावे संघटनेकडे येऊ द्यावीत. निमंत्रणे पाठवताना पत्त्यांचा रकाना मी स्वतः दोनदा तपासणार आहे.