आजोबांचा चाकू आणि गोऱ्या साहेबाची गोष्ट

बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईच्या आमच्या जुन्या घरात, कोनाड्यातल्या पत्र्याच्या डब्यात एक मिटता चाकू पडलेला असायचा. बोटभर लांब, दोन पात्यांचा, काळपट मुठीचा. त्याची गोष्ट घरातल्या प्रत्येक पोराला पाठ. "काँटिंजंटच्या गोऱ्या सायबानं खूश होऊन आपल्या पणजोबाला दिलाय त्यो," असं चुलते सांगत, आणि सांगताना आवाज थोडा खाली आणत.

गोष्टीला आधार नव्हता असं नाही. निझामाच्या राज्यात अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणत आणि इथे हैदराबाद काँटिंजंट या फौजेच्या घोडदळाची छावणी होती. गोरे अधिकारी होते, घोडे होते, त्यांना दाणावैरण पुरवणारे गावकरी होते. त्यातला एखादा साहेब खूश झालाही असेल. पुढे मला जुन्या चाकूंचा नाद लागला आणि एका दुपारी मी तो चाकू भिंगाखाली धरला. पात्याच्या बुडाशी, जिथे ते मुठीत शिरतं तिथे, दोन ओळींचा बारीक ठसा होता. वरच्या ओळीत शेफील्ड हे गावाचं नाव. खालच्या ओळीत 'स्टेनलेस'.

गोष्ट तिथेच संपली. न गंजणारं पोलाद शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्लीच्या हाती लागलं १९१३ मध्ये. काँटिंजंट हे वेगळं दल म्हणून १९०३ मध्येच मोडीत निघालं आणि त्याची पथकं हिंदी लष्करात सामावली गेली. साहेब आणि चाकू यांची गाठ पडणं शक्य नव्हतं.

जुन्या चाकूंच्या बाबतीत लोकांचे जेवढे गैरसमज आहेत त्यातले निम्मे असेच घरातून आलेले असतात. उरलेले बाजारातून. घरचे गैरसमज गोड असतात, बाजारातले महाग पडतात, एवढाच फरक.

पहिला, फार पसरलेला: खिशातला मिटता चाकू इंग्रजांनी आणला. चाकू हा शब्दच बघा. तो आपल्याकडे फारसीतून आला, फारसीत तुर्कीतून. तुर्कस्तानात आजही 'चाकी' म्हणजे खिशातला मिटणारा चाकू. इराणमधलं झंजान हे गाव चाकूंसाठी प्रसिद्ध आहे. युरोपात ऑस्ट्रियातल्या हॉलस्टाटला सापडलेला मिटता चाकू अडीच हजार वर्षांपूर्वीचा आहे आणि रोमन लोकांचे तर कितीतरी मिळालेत. इंग्रजांनी आणला तो शेफील्डचा यंत्रावरचा माल, तोही ढिगाने. चाकू ही वस्तू इथल्या कचेऱ्यांना त्याआधीच माहीत होती, आणि तिचं नाव होतं कलमतराश, म्हणजे कलम तासायचं हत्यार. बोरू काही दिवसांनी बोथट होतो, त्याचं टोक पुन्हा तासून तिरकं छाटावं लागतं. मोडी लिहिणारा कुलकर्णी असो की उर्दूत दप्तर सांभाळणारा निझामाचा अहलकार, दौतीशेजारी कलमतराश हवाच. आंब्याचं कलम बांधणाऱ्यालाही चाकूच लागतो. एकाच शब्दाच्या दोन अर्थांना एकच हत्यार पुरतं.

दुसरा गैरसमज सिनेमाने दिला: खिशातला चाकू म्हणजे रामपुरी, आणि रामपुरी म्हणजे गुंड. १९६५ च्या 'वक्त'मध्ये राजकुमारच्या हातात चाकू आला आणि हे समीकरण पक्कं झालं. रामपुरी ही उत्तर प्रदेशातल्या रामपूरची खरीखुरी कारागिरी आहे. तिथल्या सरकारने साडेचार इंचांपेक्षा लांब पात्यांवर बंदी घातली आणि धंदा बसला. आता गावातल्या चौकात वीस फुटी रामपुरीचा पुतळा उभा आहे, म्हणजे धंद्याचं स्मारकच. पण रामपुरी आणि आपल्या आजोबांच्या बंडीतला चाकू यांच्यात तेवढंच नातं आहे जेवढं शर्यतीच्या घोड्यात आणि टांग्याच्या घोड्यात. रामपुरीचं पातं उघडलं की अडकून बसतं, खटका दाबल्याशिवाय मिटत नाही. पारंपरिक खिशातल्या चाकूला बहुतेक वेळा अडकाव नसतोच. मुठीच्या पाठीत पोलादाची एक पट्टी असते, ती कमानीसारखी पात्याच्या बुडावर दाब देते. त्या दाबाने पातं उघडं राहतं आणि त्याच दाबाने मिटताना 'टक्' असा आवाज करतं. असा चाकू भोसकायला हातात घेतला तर मिटून आपलीच बोटं कापेल. ते कापायचं हत्यार आहे, पेन्सिल, दोरा, फोड, फार तर बैलाच्या दाव्याची गाठ.

हा 'टक्' संग्राहकाने कानाने तपासायचा. पातं हळू उघडा. अर्ध्यावर थांबतं का, शेवटी झटक्याने बसतं का, डावीउजवीकडे हलतं का. आवाज गेला, पातं ढिलं लोंबतंय, म्हणजे कमान थकली किंवा खिळा झिजला. शिक्का कितीही मोठा असला तरी असा चाकू मी घेत नाही.

लष्करी चाकूंबद्दल एक खास दंतकथा आहे. जुन्या ब्रिटिश शिपाई-चाकूला पाठीमागे दाभणासारखा जाड, टोकदार गज असतो. तो घोड्याच्या खुरात अडकलेले खडे काढायला, असं सगळे सांगतात. छावणीच्या गावात तर हे पटतंच. खरं म्हणजे तो दोरखंडाचे पीळ सैल करायला आणि घट्ट गाठी सोडवायला असतो, खलाशांच्या कामातून आलेला. खुराचे खडे त्याने कोणी काढले नसतील असं नाही, पण त्यासाठी तो बनला नाही.

आता बाजाराकडे वळू. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी गेलात, किंवा मुंबईच्या चोरबाजारात, की पात्यावर नागमोडी रेषा असलेला चाकू दाखवून कोणीतरी म्हणणारच, "साहेब, दमास्कस. निझामाच्या खजिन्यातला." निझामाचं नाव घ्यायला त्याला थोडा आधार आहे. बीड ज्या राज्यात होतं त्याच राज्यातल्या कोनसमुद्रम आणि निर्मलच्या भागात जगप्रसिद्ध पोलाद बनत असे, आणि ते न्यायला इराणी व्यापारी तिथपर्यंत येत. मुशीत बंद करून वितळवलेलं, दीड टक्क्याच्या आसपास कर्ब असलेलं ते पोलाद. कानडी-तेलुगूतल्या 'उक्कु'वरून इंग्रजांनी त्याला वुट्झ म्हटलं. त्याच्या पात्यावर जी पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटते तिला जौहर म्हणतात, आणि ती धातूच्या आतल्या रचनेतूनच येते. आजच्या 'दमास्कस' चाकूवरची नक्षी वेगळी. दोन जातींच्या पोलादाचे थर ठोकून एकजीव करायचे आणि आम्लाला एक थर जास्त खाऊ द्यायचा. कामही सुंदर असतं, पण ते कालचं असतं. शिवाय उक्कु मुख्यतः तलवारी-कट्यारींत गेला. खिशातल्या चाकूवर जौहर दिसला तर आधी हसावं, मग भाव विचारावा.

गंजाचंही तसंच. गंज म्हणजे वय नव्हे. नवा चाकू मिठाच्या पाण्यात बुडवून ओल्या मातीत पुरला की थोड्याच दिवसांत शंभर वर्षांचा दिसतो. वय शिक्क्यावरून कळतं. 'व्ही' आणि 'आर' यांच्या मध्ये मुकुट असेल तर राणी व्हिक्टोरियाचा काळ, म्हणजे १९०१ पर्यंतचा. शिक्क्यात 'जर्मनी' असेल तर बहुधा १८८७ नंतरचा, कारण त्या वर्षीच्या ब्रिटिश कायद्याने परदेशी मालावर खोटी ओळख लावायला मनाई झाली आणि देशाचं नाव टाकायचा रिवाज पडला. 'स्टेनलेस'चं तर वर आलंच. जोसेफ रॉजर्स या शेफील्डच्या कंपनीचा तारा आणि क्रूस हा शिक्का आपल्याकडे इतका नावाजलेला होता की त्याच्या नकलाही तितक्याच झाल्या. एका अक्षराचा फेरफार केलेले 'रॉजर्स' मी स्वतः तीन पाहिलेत, त्यातला एक पैसे मोजून झाल्यावर.

आणि म्हणूनच सगळ्यात नुकसान करणारा गैरसमज हा: जुना चाकू घासूनपुसून लख्ख केला की त्याची किंमत वाढते. हा अपराध मीही केलाय. पहिल्यावहिल्या चाकूला पॉलिश पेपर मारला, पातं आरशासारखं झालं आणि शिक्का निम्मा गेला. साध्या, कर्बाच्या पोलादावर वर्षानुवर्षं फळांच्या रसाने, हाताच्या घामाने एक करडी-निळसर छटा चढते. ती गंज नाही, ती राहू द्यायची, तिच्यामुळे खालचं पोलाद थोडंफार वाचतं. लाल, भुरभुरीत, बोटाला लागतो तो गंज. तो शिलाई मशीनच्या तेलात भिजवून, तांब्याच्या नाण्याच्या कडेने हळूच खरवडून काढावा. तांबं पोलादाहून मऊ, त्यामुळे चरे पडत नाहीत. खोबरेल लावू नका. ते कालांतराने चिकट होऊन कमानीत बसतं आणि धूळ धरतं.

धारेचंही असंच. दारावरून "चाकू-सुरीला धाऽऽर" ओरडत जाणाऱ्याच्या चाकाखाली जुनं पातं देऊ नये. त्या माणसाचा दोष नाही, विळी-कात्रीला तो उत्तमच. पण वेगाने फिरणाऱ्या कोरड्या दगडावर पातळ पातं तापतं, कडेला निळं-जांभळं होतं आणि लोहार म्हणतात तसं त्याचं पाणी उतरतं. एकदा पाणी उतरलं की धार टिकत नाही, पुन्हा पाणी द्यायचं तर मूठ उकलावी लागेल. कुठलाही लोहार तापवलेलं पोलाद विझवताना किती जपून रंग बघतो ते एकदा पाहावं.

चामड्याच्या म्यानात चाकू जपून ठेवणं हेही उलटंच काम. चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं ओल धरतात, पातं गंजतं आणि पितळ हिरवं पडतं. चाकू कोरड्या सुती कापडात ठेवावा. आणि रंगीत, कासवाच्या पाठीसारख्या चकचकीत मुठीचा चाकू डब्यात बाकीच्यांसोबत अजिबात नको. ती मूठ सेल्युलॉइडची असेल तर ती हळूहळू कुजते, तिच्या वाफा शेजारच्या पात्यांना खातात, आणि ती पेटही पटकन घेते.

मुठीबद्दल एक जरा गंभीर गोष्ट. घराघरांत सांगतात त्या हस्तिदंती मुठी बहुतेक हाडाच्या असतात. भिंगाखाली हाडात बारीक काळे ठिपके आणि रेघा दिसतात. हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकांना कापणाऱ्या कमानदार रेषांची जाळी दिसते. खरोखर हस्तिदंत निघाला तर आनंद करू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात त्याची खरेदी-विक्री बंद आहे. सांबरशिंगाचंही तेच, मग ते शिंग गळून पडलेलं का असेना. एकेकाळी शेफील्डच्या चाकूंना लागणारं सांबरशिंग भारतातून जहाजं भरून जायचं.

कायद्यावरून लोक दोन टोकांना असतात. एक म्हणतो घरात चाकू ठेवला तर पोलीस नेतील, दुसरा म्हणतो जुनी वस्तू आहे, कायदा लागूच नाही. शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांची धारदार शस्त्रं येतात, आणि घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी बनवलेली पाती त्यातून वगळली आहेत. बोटभर चाकू डब्यात असणं हा गुन्हा नाही. पण तो खिशात घालून जत्रेत जाणं ही वेगळी गोष्ट. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालचे मनाईआदेश सणासुदीला, निवडणुकीला निघतात आणि त्यात चाकूही येतो. ऊसतोडीला निघालेल्या आमच्या जिल्ह्यातल्या माणसाच्या हातातला कोयता अवजार आहे. तोच रस्त्यात नाचवला की शस्त्र. फरक हेतूचा आणि जागेचा आहे.

बीडकरांनी मात्र एका वस्तूबाबत सावध राहायला हवं. निझामाच्या काळात बीड दोन गोष्टींसाठी नावाजलेलं होतं, पाण्याची चामडी छागल आणि काठीत लपवलेली गुप्ती. जुन्या घरांत अजून एखादी मुठीची देखणी काठी निघते आणि घरचे ती "आजोबांची काठी" म्हणून कोपऱ्यात उभी करतात. काठी म्हणून ती कायद्याला मान्य नाही. नियमांत तलवारींच्या यादीतच गुप्तीचा उल्लेख आहे. ती विकायला काढण्याआधी वकिलाला विचारलेलं बरं. आणि कारागिरीची कुठलीही वस्तू शंभर वर्षांची झाली की १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे ती पुरावस्तू ठरते. परवानगीशिवाय ती परदेशात नेता येत नाही, अमेरिकेतल्या मुलाला भेट म्हणूनसुद्धा.

त्या शेफील्डच्या चाकूकडे परत येतो. गोष्ट खोटी ठरली म्हणून मी तो बाजूला ठेवणार होतो. मग धाकटं पातं पुन्हा पाहिलं. मोठं पातं जवळजवळ कोरं, धाकटं मात्र झिजलेलं, आणि तेही सगळं नाही. फक्त टोकाकडचा तिसरा हिस्सा आत खाल्ला गेलाय, बाकीची धार जशीच्या तशी. फळ कापणारा माणूस पात्याचं पोट वापरतो. टोकानेच, लहान लहान फटक्यांनी, वर्षानुवर्षं तासणारा माणूस बोरू किंवा पेन्सिल तासत असतो. मुठीच्या खाचेत टाचणी फिरवली तर काळ्या शाईसारखा वाळका मळ निघाला. माझे आजोबा निझामाच्या अमलात तहसील कचेरीत कारकून होते.

चुलत्यांना हे सगळं सांगितलं. ऐकून बराच वेळ गप्प बसले. चाकू हातात घेतला, उघडला, मिटला. टक्.

"म्हंजी सायबानं दिला न्हाई."

"नाही, काका."

"मंग सोताच्या पैशानं घेतला म्हणायचा," ते म्हणाले. "निझामाच्या हाली रुपयात. कारकुनाचा पगार किती होता त्या टायमाला, ठाऊक हाय का तुला?"