उस्तादाची लाल शाई

मोहम्मद झकारिया हे आज जगातल्या नावाजलेल्या इस्लामी सुलेखनकारांपैकी एक. माणूस अमेरिकन, जन्म 1942 चा, कॅलिफोर्नियातला, आणि मूळचा पेशा मशिनिस्टचा. एरोस्पेस कारखान्यात नोकरी करत असताना एका आर्मेनियन गालिचेवाल्याच्या दुकानात लावलेली अरबी अक्षरं त्यांनी पाहिली आणि त्या अक्षरांनी त्यांना पुढे कधी सोडलं नाही. ते मोरोक्कोला गेले, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जुनी हस्तलिखितं डोळ्यांखालून घातली, पाहून पाहून हात बसवला. यात वर्षामागून वर्षं गेली. मग 1984 च्या सुमारास इस्तंबूलच्या ‘इर्सिका’ या इस्लामी इतिहास-कला-संस्कृतीच्या संशोधन केंद्राशी त्यांचा संबंध आला. तिथल्या उस्तादांच्या हाताखाली त्यांनी पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात केली, वयाची चाळिशी ओलांडल्यावर. 1988 मध्ये त्यांना इजाजा, म्हणजे या कलेतलं परवानापत्र, मिळालं. असा इजाजा मिळवणारे ते पहिले अमेरिकन.

मी निघोज्यात राहतो. देहू आणि आळंदी यांच्या मधल्या पट्ट्यातलं हे खेड तालुक्यातलं गाव आता चाकण एमआयडीसीच्या नकाशावर जास्त ओळखलं जातं. महिंद्रा आणि फोक्सवॅगनचे कारखाने इथे, त्यांना माल पुरवणारी लहानमोठी वर्कशॉप आजूबाजूला. त्यामुळे झकारियांच्या गोष्टीत मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो त्यांचा मशिनिस्टपणा. आयटीआयमध्ये फिटरच्या पोराला सुरुवातीला मशीनला हात लावू देत नाहीत. कानस देतात. लोखंडाचा ठोकळा घासायचा, गुण्या लावायचा, उजेडाकडे धरून फट दिसते का बघायची. पोराला काही दिसत नाही. सर एका नजरेत सांगतात, डावा कोपरा बसलाय, पुन्हा घास. ठोकळ्याचा उपयोग काहीच नसतो. घडत असतो तो हात, आणि त्याहून जास्त डोळा. अरबी सुलेखनाची शाळा हुबेहूब अशीच चालते. तिथे फक्त कानशीच्या जागी कलम असतं.

कलम म्हणजे बोरूच. त्याची जात बघून घेतात. इराणमधल्या देझफुलच्या बोरूला फार मान. कापलेले बोरू पूर्वी खतात पुरून ठेवत, रंग गडद होऊन ते कणखर होईपर्यंत. मग हाडाच्या किंवा हस्तिदंताच्या छोट्या पट्टीवर, तिच्या खोबणीत कलम धरून, धारदार चाकूने एका दाबात टोक तिरकं छाटायचं. हा ‘कट’ आवाजासरशी बसला पाहिजे. दोनदा चाकू फिरला की टोकाला दाते पडतात आणि रेघेची कड फाटते. टोकाला मधोमध चीर देतात, शाई उतरायला. छाट किती तिरका ठेवायचा हे कोणत्या वळणाचं लेखन करायचं त्यावर ठरतं, आणि ते पुस्तकात अंशांमध्ये छापलेलं असलं तरी हाताला कळतं ते शेजारी बसूनच.

दौतीत मोकळी शाई नसते. तिच्यात कच्च्या रेशमाचा बोळा असतो, तो शाई धरून ठेवतो आणि कलमाला लागेल तेवढीच देतो. शाई काजळीची: दिव्याची काजळी, बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक आणि पाणी, खलबत्त्यात पुन्हा पुन्हा कुटून एकजीव केलेलं. इस्तंबूलच्या सुलेमानिये मशिदीत तेलाच्या दिव्यांची काजळी हवेच्या झोताबरोबर एका ठरावीक खोलीत जाऊन साठावी अशी रचना केली होती, आणि ती काजळी शाईसाठी वापरत. कागदाचीही तयारी मोठी. त्याला चहासारख्या रंगाच्या पाण्यात बुडवून डोळ्यांना सुखावणारा करतात, अंड्याचा पांढरा आणि तुरटी यांचा लेप देतात, वाळला की गुळगुळीत दगडाने घोटतात आणि वर्षभर तरी तसाच मुरत ठेवतात. अशा कागदात शाई शिरत नाही, वर बसते. म्हणून चुकलेली रेघ ओल्या बोटाने पुसता येते. जुने लेखक ती जिभेनेच पुसत.

एवढा सरंजाम झाला की पहिला धडा. तुर्कस्तानात त्याला मश्क म्हणतात. सुरुवात बाराखडीने होत नाही; काम सोपं कर, अवघड करू नकोस अशा अर्थाच्या एका छोट्या प्रार्थनेच्या ओळीने होते. उस्ताद ती लिहून देतात. शागीर्द आठवडाभर गिरवतो आणि पुढच्या भेटीत आपलं पान समोर ठेवतो. उस्ताद लाल शाई घेतात. शागिर्दाच्या अक्षराखाली तेच अक्षर स्वतःच्या हाताने लिहितात, बाजूला ठिपके मांडून दाखवतात की इथे पोट दोन ठिपके खाली हवं होतं, इथे मान जास्त वाकली. बोलणं थोडं. या एका ओळीवर महिनोन्‌महिने जाऊ शकतात. ती मान्य झाली की सुटी अक्षरं, मग दोन-दोन अक्षरांचे जोड, मग वाक्यं.

तो ठिपका म्हणजे नुक्ता, आणि सगळा हिशोब त्याच्यावर आहे. कलमाचं टोक कागदावर टेकवून ओढलं की तिरका चौकोन उमटतो. अलिफ किती नुक्ते उंच, बे किती नुक्ते लांब, नूनची वाटी किती खोल, हे सारं त्यात मोजतात. कलम रुंद घेतलं तर नुक्ता मोठा आणि त्याच्याबरोबर अक्षरही मोठं. प्रमाण ढळत नाही. बगदादचा वजीर इब्न मुक्ला याने दहाव्या शतकात ही प्रमाणबद्धता बसवली असं परंपरा मानते. राजकारणात त्याचा उजवा हात तोडला गेला आणि 940 साली तो कैदेत मेला. त्याच्यामागून इब्न अल-बव्वाब आला, मग याकूत अल-मुस्तासिमी, ज्याने कलमाचा छाट अधिक तिरका केला. इस्तंबूलमध्ये शेख हमदुल्लाह आणि हाफिज उस्मान यांनी हे वळण आणखी निवळत नेलं. नावांची ही माळ इजाजा घेणाऱ्याला पाठ असते, कारण त्याचं स्वतःचं नाव तिच्यातच ओवलं जाणार असतं.

पण इस्तंबूलमध्येही ही माळ तुटत तुटत वाचली. 1928 साली तुर्कस्तानने लॅटिन लिपी स्वीकारली आणि अरबी लिपीत लिहिणाऱ्यांचं काम जवळपास एका रात्रीत गेलं. हामिद आयताच (1891–1982) हे त्या पिढीतले मोठे उस्ताद. त्यांनी छपाईच्या व्यवसायावर गुजराण केली, मशिदींची कामं केली आणि शिकवणं सोडलं नाही. त्यांच्याकडे येणाऱ्यांत हसन चेलेबी होते, मशिदीत बांग देणारे. त्यांना 1970 मध्ये इजाजा मिळाला. उस्मान ताहा हे सीरियातले. त्यांना हामिदांनी 1973 मध्ये इजाजा दिला. मदिनेच्या किंग फहद छापखान्यातून निघणारं कुराण याच उस्मान ताहांच्या हातचं. हजहून परतणारे आपल्याकडचे यात्रेकरू जी प्रत घरी आणतात तिच्यावरचं अक्षर बहुधा त्यांचंच असतं. आणि हसन चेलेबी हे झकारियांचे गुरू. 2025 मध्ये ते वारले, तोवर देशोदेशीच्या शिष्यांना त्यांनी शिकवलं होतं. या परंपरेत शिकवण्याची फी घेत नाहीत.

आता आपल्याकडे वळतो, कारण मला खरं सांगायचं आहे ते हेच: एके काळी या विद्येसाठी दख्खनच्या माणसाला परदेशी जावं लागत नव्हतं. विद्याच समुद्र ओलांडून इथे येत होती. इराणातल्या गीलानचा महमूद गवान 1453 साली आपल्या दाभोळ बंदरात उतरला आणि बिदरला जाऊन बहामनी राज्याचा वजीर झाला. 1472 मध्ये त्याने तिथे मदरसा बांधला. सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूच्या स्फोटात त्याचा मोठा भाग उडाला, तरी उरलेल्या दर्शनी भिंतीवर रंगीत फरशांत मढवलेली अक्षरं अजून टिकून आहेत. जवळच अष्टूरला अहमदशहा वलीची कबर आहे. आतून तिचा घुमट आणि भिंती रंगवलेल्या अक्षरांनी भरलेल्या. तिथल्या उरुसात लिंगायत जंगमाला मानाचं स्थान असतं. भालकी-बिदरकडच्या मराठी माणसाला या गोष्टी ठाऊक असतात, आपण पुण्याकडचे लोक मात्र हंपीला जाताना बिदर वाटेत नाही म्हणून टाळतो. टाळू नये.

बिदरच्या राजवाड्याच्या दारावर कोरलेल्या एका फारसी कवितेची हकिगत इतिहासकार फिरिश्ता देतो. कवी आजरी इराणातला, अक्षर लिहिलं शरफुद्दीन माजंदरानी याने, आणि दगडात ते कोरलं तेलंगणाच्या पाथरवटांनी. त्या पाथरवटांच्या कौशल्याबद्दल मला नितांत आदर आहे. पण अक्षराचा आकार दगडावर चढला म्हणून ते लिहिणारा हात इथे तयार झाला असं होत नाही. त्यासाठी शरफुद्दीनसमोर कुणीतरी पान घेऊन बसायला हवं होतं.

विजापुरात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात तसं वातावरण होतं. इराणातून आलेल्या मीर खलीलुल्लाहने बादशहाच्या ‘किताब-ए-नौरस’ची प्रत लिहून सादर केली, तेव्हा 1618 च्या सुमारास त्याला ‘पादशाह-ए-कलम’ ही पदवी मिळाली. सरस्वतीला वंदन करणारा हा संगीतग्रंथ दख्खनीतला, आणि त्याची प्रत इराणी उस्तादाच्या हातची. त्याच बादशहाच्या कबरीच्या इमारतीत, इब्राहिम रोज्यात, तर अक्षरांचीच जाळी करून दगडी खिडक्यांत बसवली आहे. आतून पाहिलं की उजेड अक्षरांच्या मधून येतो. अशा खिडकीसमोर उभं राहिलं की लिहिणाऱ्याने जोडअक्षरांचा भार कुठे कुठे तोलला असेल, हे पाहण्यात तास निघून जातो. आपल्या तालुक्यात एवढं भव्य काही नाही. चाकण ओलांडून पुढे राजगुरुनगरला निजामशाहीच्या उतरत्या काळातली दिलावरखानाची कबर आणि मशीद पुरातत्त्व खात्याने जपली आहे.

दरबार गेले तशी ही विद्या छापखान्यात आली. एकोणिसाव्या शतकात मुंबई शिळाछापाचं मोठं केंद्र झालं. कातिब, म्हणजे हाताने मजकूर लिहिणारा लेखनिक, खास शाईने कागदावर लिहायचा, ते दगडावर उतरायचं आणि प्रती निघायच्या. 1938 साली सुरू झालेल्या ‘इन्किलाब’सारखी उर्दू वर्तमानपत्रं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत कातिबांच्या हातावर चालली. 1981 मध्ये नूरी नस्तालिक हा संगणकी टंक आला, 1990 च्या दशकात इनपेज या संगणक-प्रणालीने उरलेलं काम उचललं, आणि कातिबाची खुर्ची रिकामी झाली. वर्तमानपत्राला वेग हवा होता, त्याला दोष नाही. मात्र रोजच्या कामाबरोबर रोजचा रियाज गेला आणि मुलाला शेजारी बसवून शिकवण्याचं निमित्तही गेलं.

देवनागरीच्या बाबतीत आपण वेळीच जागे झालो. र. कृ. जोशींनी एक पिढी घडवली. अच्युत पालवांनी मोडीचा अभ्यास केला, नवी मुंबईत शाळा काढली आणि 2025 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. उर्दू-अरबीसाठी राष्ट्रीय उर्दू परिषदेच्या सुलेखन केंद्रांचा पदविका अभ्यासक्रम आहे, आणि सुरुवात करणाऱ्याने तिथूनच करावी. बोरू छाटायला शिकावं, नस्ख या वळणाची अक्षरं ओळखावीत, हात थोडा बसू द्यावा. नमुन्याची पानं तर आता फोनवरही दिसतात. चेलेबींकडे झकारिया बरंचसं पत्राने शिकले. पान पाठवायचं, लाल शाई होऊन परत यायचं. फोनवर ते आणखी सोपं झालं आहे. एवढं असूनही लोक इस्तंबूलला जातातच, कारण पानावर चूक दिसते, तिचं कारण दिसत नाही. कलम बोटांत किती फिरलं, दम कुठे सोडला, कोपर टेकलं होतं की उचललेलं, शाई घट्ट झाली होती का, हे उस्तादाला समोर बसूनच कळतं. शारजाहला सुलेखनाचं संग्रहालय आहे, 2004 पासून तिथे द्वैवार्षिक प्रदर्शन भरतं. आखातात कोकणातली कितीतरी कुटुंबं आधीच आहेत, त्यामुळे आपल्याकडच्या मुलासाठी पहिलं पाऊल कदाचित तिथेच पडेल. इर्सिका 1986 पासून दर तीन वर्षांनी आंतरराष्ट्रीय स्पर्धा घेते. तिच्यातल्या पानांच्या छापील प्रती पाहिल्या तरी आपण कुठे आहोत हे लक्षात येतं.

इजाजा देण्याची रीत अशी: शागीर्द एखाद्या जुन्या उस्तादाचं पान जसंच्या तसं उतरवतो आणि त्याच्याखाली त्याचे गुरू आपल्या हाताने संमती लिहितात. तोवर शागिर्दाने आपल्या लेखनाखाली स्वतःचं नाव घालायचं नसतं. संमतीनंतर नाव घालता येतं, आणि शिष्यही घेता येतात. खेड तालुक्यातला किंवा भिवंडी-मालेगावचा एखादा मुलगा, एखादी मुलगी चार-पाच वर्षं काढून असं पान घेऊन परत आली, तर तिच्यासमोर बसणाऱ्या पुढच्या मुलांना पासपोर्ट काढावा लागणार नाही.