मैदान मोजा, मग मूल

पालकसभेत एक आई म्हणाल्या, "मॅडम, आमची पोरगी फार आळशी झालीय हो." पोरगी सातवीतली. वीस वर्षं मी पीटी शिकवतेय. 'आळशी' हा शब्द पूर्वी माझ्याही तोंडी असायचा. मोजायला शिकले आणि तो सुटला.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं तरी श्वास जोरात चालेल अशी हालचाल करावी. २०१६ सालच्या स्थितीचा १४६ देशांतून अंदाज घेतला, तेव्हा ११ ते १७ वयातली ८१ टक्के मुलं त्यात कमी पडत होती. मुलगे ७८ टक्के, मुली ८५. जगभरच्या मुली काय जन्मतः आळशी असतात?

हालचाल मोजायला कमरेला बांधायचं ॲक्सेलरोमीटर असतं. ते क्षणाक्षणाची नोंद ठेवतं, पण मूल का थांबलं हे त्याला कळत नाही. त्यासाठी मुलाभोवतीचं जग मोजावं लागतं. इंग्लंडमधल्या एका पाहणीत १९७१ साली ७-८ वर्षांची ८० टक्के मुलं एकटी शाळेत जायची. १९९० मध्ये उरली ९ टक्के. पोरांचे पाय तेच होते. रस्त्यावर गाड्या वाढल्या आणि आईबापांचा जीव धजेना.

शाळेसाठी मला उपयोगी पडली ती अमेरिकेतल्या थॉमस मॅकेन्झी यांची 'सोप्ले' पद्धत. वही-पेन्सिलीवर भागते. मैदानाचे भाग पाडायचे. डावीकडून उजवीकडे नजर फिरवत जायची आणि प्रत्येक भागात किती जण बसलेत किंवा उभे आहेत, किती चालतायत, किती जोरात खेळतायत ते मांडायचं. मुली वेगळ्या, मुलगे वेगळे. शिवाय प्रत्येक भागाला पाच प्रश्न: जागा खुली आहे का? खेळण्याजोगी आहे का? मोठं माणूस लक्ष ठेवून आहे का? कोणी खेळ घेतंय का? साहित्य दिलंय का?

आठवडाभर मधल्या सुट्टीत मी व्हरांड्यात उभी राहिले. मधला सगळा भाग मुलग्यांच्या क्रिकेटचा. मुली चेंडू लागेल म्हणून भिंतीला टेकून, डबे हातात धरून उभ्या. ती 'आळशी' पोरगीही त्यांच्यातच. साहित्याच्या रकान्यात रोज 'नाही' लिहीत होते. रिंग, दोऱ्या, लगोरीच्या चकत्या सगळं कपाटात होतं आणि कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये.

मी किल्ली वर्गप्रतिनिधीकडे दिली. मंगळवार-गुरुवार मधला भाग मुलींचा ठरवला, फक्कीनं लंगडीचा चौकोन आखला. पहिला मंगळवार लाजण्यात गेला. तिसऱ्या गुरुवारी ती पोरगी लंगडी घालत तिसरा गडी टिपत होती, वेणी सुटलेली, आणि मी तिच्या नावाची रेघ 'जोरात'च्या रकान्यात ओढत होते.

पुढच्या पालकसभेत तिच्या आईला मी वहीच दाखवणार आहे.