दोन वाट्या आणि तेलाचा पापुद्रा

इतिहासाच्या विद्यार्थ्याने इंजिनावर लिहावे, हे कोणाला विचित्र वाटेल. पण माझे मामा कळंबोलीला गॅरेज चालवतात आणि सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली असतो. गेल्या पावसाळ्यात पनवेलजवळच्या एका खाणीच्या रस्त्यावर चालणारी जीप ओढून आमच्याकडे आणली. महिन्यापूर्वीच दुसरीकडे नवे बेअरिंग टाकलेले. तरी चढावर ठोके पडू लागले आणि इंजिन जॅम झाले. मालकाचे पोट त्या गाडीवर. नवे बेअरिंग महिन्यात का जावे, असे तो पुनःपुन्हा विचारत होता.

पिस्टनचा धक्का कनेक्टिंग रॉड क्रँकशाफ्टला देतो. रॉडचे मोठे टोक क्रँकच्या ज्या गोल भागाला धरते, तो जर्नल. दोहोंमध्ये पोलादी पाठीच्या दोन अर्धगोल वाट्या असतात. हेच बिग एंड बेअरिंग. त्यांच्या आतल्या अंगाला मऊ धातूचा थर असतो. अशा मऊ अस्तराचे पेटंट अमेरिकेत आयझॅक बॅबिट यांनी १८३९ साली घेतले. बारीक कचरा त्या थरात रुततो. तेल कमी पडले तर आधी वाटी झिजते, महागडा क्रँक वाचू शकतो.

एरवी वाटी आणि जर्नल एकमेकांना लागत नाहीत. मध्ये तेलाचा पापुद्रा असतो. मात्र उभ्या चढावर तेल चेंबरच्या एका बाजूला जाते. त्यात तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो आणि पापुद्रा तुटतो. म्हणून आडवाटेच्या गाडीत तेलाची पातळी रोज पाहावी.

मामांनी प्रथम जुन्या वाट्या ओळीने मांडल्या. "अरे, वैद्य जीभ बघतो ना, तशी वाटी बघायची," ते म्हणाले. ओरखडे असले तर तेलात माती. थर पुसला गेला असेल तर तेलाची उपासमार. झीज एकाच कडेला असेल तर रॉड वाकल्याचा संशय. मग त्यांनी मायक्रोमीटरने जर्नल मोजला. तो झिजून लंबगोल झाला होता! त्यावर न मोजताच स्टँडर्ड मापाच्या वाट्या बसवल्या होत्या. फट वाढली, तेलाचा दाब उतरला; चढाने उरलेले काम केले.

अशा वेळी जर्नल ग्राइंड करून ०.२५ मिमी उतरवला, तर वाट्याही ०.२५ अंडरसाइजच घ्याव्या लागतात, ०.५० उतरवला तर ०.५०च्या. फट साधारण व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी, म्हणजे ५० मिमीच्या जर्नलला सुमारे ०.०५ मिमी, नेमका आकडा आणि वाटीचा धातू मात्र कंपनीच्या पुस्तकाप्रमाणेच. ग्राइंडिंगनंतर क्रँकची तेलाची छिद्रे धुवून घ्यावीत. फट कमी करण्यासाठी रॉडची टोपी कानशीने घासणे हा तर गुन्हाच!

साधन तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नये, असे आम्हांला वर्गात शिकवतात. परीक्षेत ते मी अनेकदा लिहिले आहे. ते न पाळल्यास एका घराची चूल थंडावते, हे मात्र मला गॅरेजात कळले.