तण उपटा, पण सावकाश!

घाणेरी (टणटणी) आपल्या ओळखीची. मूळची अमेरिका खंडातली ही वनस्पती ऑस्ट्रेलियातही माजली आहे. सिडनीतल्या अ‍ॅश्टन पार्कमध्ये अशाच परक्या तणांनी स्थानिक झाडोरा वेढला होता. १९६०च्या दशकात जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणी तिथे फिरायला जात. तण सरसकट कापलं की ते पुन्हा पहिल्यापेक्षा दाट उगवतं, हे त्यांच्या लक्षात आलं. असं का व्हावं?

उघड्या, उकरलेल्या जमिनीवर भरपूर ऊन पडतं. तणांच्या बिया तिथे भराभर रुजतात आणि सावकाश वाढणारी स्थानिक रोपं मागे पडतात.

म्हणून या बहिणींनी तीन नियम ठरवले. स्थानिक झाडं चांगली आहेत तिथून सुरुवात करून दाट तणाकडे सरकायचं. माती कमीत कमी हलवायची, पालापाचोळा पुन्हा जागच्या जागी पसरायचा. आणि मोकळी झालेली जागा स्थानिक रोपांनी भरेपर्यंत पुढे जायचं नाही. म्हणजे कामाचा वेग झाडांनी ठरवायचा! रोपं आणून लावायची गरज नाही. मातीतल्या आणि आसपासच्या झाडांच्या बिया ते काम करतात. मात्र अशा बियाच उरल्या नसतील, तर लागवड करावीच लागते.

पावसाळ्याच्या सुरुवातीला शाळेच्या आवारात एकेक मीटरचे दोन चौकोन आखा. दोन्हींतलं तण उपटा. एकातली माती उकरा, दुसऱ्यात पालापाचोळा पसरा. दर आठवड्याला उगवलेली रोपं मोजा. काय फरक दिसतो?