आकाशातल्या लहरी कोणाच्या?

"रेंज नाही" हे दोन शब्द आता घराघरांत ऐकू येतात. मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असतो, पण ओटीपी येत नाही. गावाकडे आई आजारी असते, फोन लागत नाही. महिन्याचा म्हणून घेतलेला रिचार्ज मात्र अठ्ठावीस दिवसांत संपतो. आपण फोनला बोल लावतो, टॉवरला बोल लावतो. परंतु या दोहोंमध्ये जी वस्तू आहे, तिच्याविषयी आपल्या वस्त्यांत फारसे कोणी बोलत नाही. ती वस्तू म्हणजे रेडिओ लहरी. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून त्यांचा मालक कोण, हा प्रश्नही आपल्याला पडत नाही. तोच प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

लहर एक, माणसे अनेक

रेडिओवर एका स्टेशनच्या आकड्यावर दुसरे स्टेशन घुसले, तर नुसती खरखर ऐकू येते. मोबाईलचेही तसेच आहे. म्हणून प्रत्येक कंपनीला लहरींचे ठराविक पट्टे सरकार वाटून देते. या पट्ट्यांना स्पेक्ट्रम म्हणतात. ७००, ८०० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतून घरात शिरतात. ५जीसाठी दिलेल्या ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरी जास्त माहिती वाहून नेतात, पण दूर जात नाहीत. चांगले पट्टे थोडे आणि वापरणारे कोट्यवधी, अशी ही स्थिती आहे.

मग इतक्या लोकांचे भागते कसे? चाळीतल्या नळावर जसे भागते तसेच, पाळी लावून. जुन्या २जी फोनमध्ये एका पट्ट्यावर आठ फोन आळीपाळीने बोलतात. प्रत्येकाची पाळी सेकंदाला सुमारे २१७ वेळा येते, त्यामुळे मध्ये खंड पडला हे कानाला कळतच नाही. दुसरी युक्ती अंतराची. एका टॉवरजवळ वापरलेली लहर थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या टॉवरला पुन्हा वापरता येते. टॉवरच्या भोवतालच्या या टापूला सेल म्हणतात.

दोन खिडक्या, एक रांग

हे झाले एकाच कंपनीच्या आतले. खरी अडचण पुढे आहे. रेल्वेच्या तिकीट खिडकीचे पाहा. एका खिडकीवर लांबच लांब रांग असते आणि शेजारच्या खिडकीवर कोणीच नसते. दोन्ही खिडक्यांसाठी एकच रांग केली, तर सर्वांचे काम लवकर होते. एका कंपनीच्या लहरी गर्दीने तुंबल्या आहेत आणि दुसरीच्या लहरी रिकाम्या पडल्या आहेत, असे झाले तर नुकसान गिऱ्हाइकाचेच.

२०१० साली ३जीचा लिलाव झाला. देशातील २२ सर्कलपैकी सर्वच्या सर्व सर्कल कोणत्याही खाजगी कंपनीला मिळाले नाहीत. मुंबई हे वेगळे सर्कल. उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरे. तेव्हा एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया यांनी एकमेकांच्या जाळ्यावर आपापल्या गिऱ्हाइकांना ३जी देण्याचा करार केला. सरकारने हरकत घेतली, प्रकरण दूरसंचार लवादापुढे गेले आणि २०१४ साली निकाल कंपन्यांच्या बाजूने लागला. पुढे २०१५ साली सरकारने लहरी वाटून वापरण्याचे नियमच काढले. एकाच सर्कलमध्ये, एकाच पट्ट्यात ज्या दोन कंपन्यांकडे लहरी आहेत, त्यांना त्या एकत्र वापरता येऊ लागल्या. त्यासाठी अर्धा टक्का जादा आकार होता; तो २०२१ साली रद्द झाला.

न्यायालय काय म्हणाले?

९ फेब्रुवारी १९९५ रोजी क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की, आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर जनतेच्या हितासाठी झाला पाहिजे. त्या पीठावर न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. २ फेब्रुवारी २०१२ रोजी याच न्यायालयाने २००८ सालचे १२२ परवाने रद्द केले. 'जो आधी येईल त्याला आधी' ही पद्धत मनमानी ठरली. (फौजदारी खटल्यातील आरोपी २०१७ साली विशेष न्यायालयात निर्दोष सुटले, तो प्रश्न वेगळा.) या निकालाचा आधार होता बाबासाहेबांच्या संविधानातील कलम १४, म्हणजे समतेचा हक्क. सार्वजनिक वस्तू वाटताना सरकारला आवडता-नावडता करता येत नाही, हा त्याचा अर्थ.

२०२३ च्या दूरसंचार कायद्यातही केंद्र सरकार हे जनतेच्या वतीने लहरींचे मालक आहे, असे लिहिले आहे. लहरी वाटून वापरण्याची सोय त्यात आहे. कंपनीने लहरी नुसत्या अडवून ठेवल्या, तर त्या परत घेण्याचीही तरतूद आहे.

आमचे म्हणणे

लहरी वाटून घेण्याला आमचा विरोध नाही. त्याने खर्च वाचतो, रिकामी वस्तू कामाला येते. पण पूर्वी एकेका सर्कलमध्ये दहा-बारा कंपन्या होत्या. आता तीन खाजगी आणि एक सरकारी उरली आहे. थोड्या हातांत सर्व लहरी गेल्या आणि त्याच हातांनी त्या आपसांत वाटून घेतल्या, तर दर कोण खाली ठेवणार? वाचलेल्या पैशातून वाडी-तांड्यावर टॉवर उभा राहणार की नाही? वाटपाचा लाभ गिऱ्हाइकापर्यंत आला पाहिजे, ही मागणी आपण केली पाहिजे.

तोवर माता-भगिनींनी आणि तरुणांनी एवढे लक्षात ठेवावे. रेंज मिळत नसेल तर कंपनीकडे तक्रार करून तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. दाद लागली नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे अपील करावे. त्याला पैसे पडत नाहीत. नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. आणि संकटात ११२ लावून पाहावा. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी जवळपास दुसरीची असेल, तर तो लागू शकतो. जीव वाचवण्यासाठी ज्या लहरी सर्वांच्या होतात, त्या मुळात सर्वांच्याच आहेत. मालकाने आपल्या मालमत्तेचा हिशेब मागावा, यात गैर ते काय?