गोल्फ : एका निषिद्ध खेळाची कथा

खेळाच्या नादानें मुलांचें अभ्यासाकडे दुर्लक्ष होतें, ही तक्रार आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु अशीच तक्रार एका खेळाविरुद्ध खुद्द राजदरबारांतून झाली व तिचा कायदा बनला, हें ऐकून आमच्या वाचकांस नवल वाटेल. तो खेळ म्हणजे गोल्फ.

ज्यांनीं हा खेळ पाहिला नसेल त्यांच्याकरितां थोडक्यांत सांगतों. विस्तीर्ण हिरवळीवर अंतराअंतरावर, गोट्यांच्या खेळांतील गलीसारखे, लहान खळगे केलेले असतात. काठीनें चेंडू टोलवीत क्रमानें एकेका खळग्यांत न्यावयाचा. हें काम कमींत कमी टोल्यांत करील त्याची सरशी. चेंडू-काठीचे खेळ हॉलंडादि देशांतही पूर्वीं होते. परंतु आजच्या गोल्फची वाढ झाली ती स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील वाळवट कुरणांत.

त्या काळीं स्कॉटलंडास इंग्लंडच्या स्वारीचें भय असे. प्रजेनें धनुर्विद्येचा सराव ठेवावा, अशी राजाची इच्छा; पण लोक रमले होते चेंडूंत ! म्हणून इ. स. १४५७ मध्यें, दुसऱ्या जेम्सच्या कारकीर्दींत, तेथील पार्लमेंटनें फुटबॉल व गोल्फ हे दोन्ही खेळ बंद केले. पुढें १४७१ त व १४९१ त तीच मनाई पुन्हां करावी लागली. एकच हुकूम तीनदां काढावा लागतो, तेव्हां तो कितपत पाळला जात होता हें सांगावयास नको.

इ. स. १५०२ त इंग्लंडशीं तह झाला. ज्याच्या राजवटींत तिसरी मनाई झाली, त्या चौथ्या जेम्सनेंच त्या वर्षीं पर्थ येथील एका धनुष्यें करणाऱ्या कारागिराकडून खेळाच्या काठ्या घेतल्याची नोंद दरबारच्या जमाखर्चांत आहे. ज्या धनुष्यापायीं खेळ बंद झाला, त्याच्याच कारागिरानें खेळाचें साहित्य पुरवावें, हा योग मोठा मौजेचा !

पुढें इ. स. १७४४ त एडिंबरोनजीक लीथ येथें रुप्याच्या काठीच्या बक्षिसाकरितां सामना ठरला, तेव्हां खेळाडूंनीं स्वतःच तेरा नियम लिहून काढले. माणूस, घोडा अथवा कुत्रा यांनीं चेंडू अडविला, तर तो जेथें राहील तेथूनच खेळावा. खळग्याजवळ आल्यावर प्रामाणिकपणें खळग्याकडेच टोला मारावा, प्रतिपक्षाच्या चेंडूवर नेम धरूं नये, असे ते साधे नियम होते. सेंट अँड्रूज येथें इ. स. १७६४ त अठरा खळग्यांची फेरी ठरली व कालांतरानें तीच सर्वत्र रूढ झाली. आपल्या देशांत कलकत्त्यास इ. स. १८२९ त गोल्फ क्लब निघाला.

आरंभीं चामड्याच्या पिशवींत पिसें ठांसून चेंडू करीत. तो महाग पडे व भिजला कीं बिघडे. इ. स. १८४८ च्या सुमारास मलायांतील झाडाच्या चिकाचा, म्हणजे गटापर्चाचा, चेंडू निघाला व बेताच्या ऐपतीच्या लोकांसही हा खेळ परवडूं लागला.

राजांची मनाई टिकली नाहीं; खेळाडूंनीं आपण होऊन घातलेलें बंधन मात्र वाढत वाढत जगभर मान्य झालें. या खेळांत प्रत्येक टोल्यावर नजर ठेवणारा पंच सहसा नसतो. आपले टोले आपणच मोजावयाचे व आपली चूक आपणच सांगावयाची. पालकांनीं मुलांना खेळूं द्यावें आणि मुलांनीं आपल्या वेळाचा हिशेब असाच चोख ठेवावा, म्हणजे कोणासच मनाईहुकूम काढण्याचा प्रसंग येणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.